ओठांतला दोरा

सहा महिने थोरलीची दाढ दुखत होती, आणि सहा महिने थोरली म्हणत होती, हातातलं एवढं काम संपू दे, मग बघू. पण शिलाईच्या दुकानात काम कधी संपतं का? एक गठ्ठा सुटला की दुसरा दारात उभा. वर्षभरात कुणी जाड झालेलं असतं, कुणी वाळलेलं असतं, आणि प्रत्येकाला कपडा परवाच हवा असतो. दाढ ठणकली की ती लवंग धरायची. लवंगेचा जोर सरला की गार पाण्याची चूळ. तीही पुरेना झाली तेव्हा इस्त्रीवर गरम केलेलं फडकं गालाला लावून ती कापड आखायची. शेवटी शेवटी जबडा एका बोटापुरताच उघडायला लागला.

तिचा नवरा दुकानाच्या मागच्या बाजूला इस्त्री करायचा. एका सकाळी त्यानं इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाला, "आता ऊठ. नाहीतर मी उचलून नेईन, आणि ते दोघांच्याही कमरेला झेपणार नाही."

दुकान दोघी जावांच्या हातावर चालायचं. थोरली बेतायची, म्हणजे मापं घेऊन, खडूनं आखून, कापड कापायची. काजंही तीच करायची, हातानं, सुईदोऱ्यानं, एकेका बटणाच्या घरासाठी आठ-दहा मिनिटं मान मोडून. धाकटी मशीनवर बसायची. धाकटीचा नवरा मालाच्या गाडीवर, महिन्यातले चार दिवस घरी आणि उरलेले दिवस फोनवर; पोर दिवसभर शाळेत. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. नऊ वर्षांत धाकटीनं मैलोगणती टीप मारली, पण कातरीला बोट लावलं नव्हतं.

कातर मेजाच्या वर खिळ्याला टांगलेली असायची. काळी, वजनदार, थोरलीच्या अंगठ्यानं घासून घासून एका कडेला चकचकीत झालेली. खिळा थोरलीच्या डोक्याच्या उंचीवर होता, म्हणजे धाकटीचा हातही सहज पोचला असता. पण त्याआधी, दुकानात नवी असताना, धाकटीनं एक चूक केली होती. एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या. कापड मोजकं, गिऱ्हाईक तापट, दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तेव्हापासून कातर खिळ्यावर गेली. "तू मशीन सांभाळ," थोरली म्हणाली होती, आणि धाकटीनं ते सांभाळलं. पण अधूनमधून, मशीनला तेल घालताना, बॉबिन भरताना, तिची नजर त्या खिळ्याकडे जायची. थोरलीला ती नजर पाठीवर कळायची.

आणि नेमकं आता हॉटेलचं काम आलं होतं. वाढप्यांची छत्तीस जाकिटं, राखी रंगाची, प्रत्येकाला चार काजं, आणि काजं हाताचीच हवीत असं मालकानं दोनदा बजावलं होतं. पुढच्या मंगळवारी द्यायची. थोरलीनं वीस बेतली होती, धाकटीनं त्यातली बरीच शिवूनही टाकली होती. सोळा उरली होती. कापड अंगाबरोबर मोजून आणलेलं, एक तुकडा चुकला तर बदली नाही.

"सोमवारी दाढ," थोरलीनं बोटांवर मोजलं, "मंगळवार-बुधवार पडून राहीन, गुरुवारी बेतेन. त्याच्या पुढच्या मंगळवारच्या आत होतंय की."

धाकटी मशीनवरून म्हणाली, "आणि गुरुवारी नाही उठवलं तर?"

"मला न उठवायला काय झालंय? दाढ काढतायत, पाय नाही."

*

दाताची डॉक्टरीण तरुण होती आणि हळू बोलायची. तिनं फोटो उजेडाला धरला आणि थोरलीला दाखवला. "बघा, ही अक्कलदाढ. उभी यायच्या ऐवजी आडवी झोपलीय, शेजारच्या दाढेला डोकं लावून."

"मीही तशीच झोपले असते," थोरली अर्ध्या तोंडानं म्हणाली, "कुणी झोपू दिलं असतं तर."

डॉक्टरीण हसली, पण हात थांबवले नाहीत. सुई टोचली, गाल जड झाला, ओठ दुसऱ्या कुणाचा तरी झाला. मग करकर, मग जोर, मग पुन्हा करकर. दाढ एकसंध निघेना, म्हणून तीन तुकडे करून काढली. थोरलीनं डोळे मिटले नव्हते. वरच्या दिव्याभोवतीची धूळ ती पाहत होती आणि मनात सोळा जाकिटं कापडावर मांडत होती. पाठ इथे, पुढचा भाग इथे, उरलेल्या पट्टीत खिसे. ती मांडणी तीनदा झाली तेव्हा टाके घालून झाले होते. टाके मात्र तिनं नीट पाहून घेतले, डॉक्टरणीच्या हातातल्या आरशात. बरे होते. थोडे दूरदूर.

"आता ऐका," डॉक्टरीण म्हणाली. "जखमेत रक्ताची गाठ धरेल. ती जागेवर राहिली पाहिजे. तिच्याखालीच भरून येतं सगळं. म्हणून थुंकायचं नाही, काही चोखायचं नाही, नळीनं प्यायचं नाही. गरम नको. खाली वाकून कामं नकोत. बाहेरून बर्फ. चार दिवस."

थोरलीनं कापूस दाताखाली धरून मान हलवली. यातलं ती काहीच करत नव्हती. नळीनं प्यायला ती काय लहान होती?

*

दुकानाला लागून एक खोली होती. तिथे पलंग, पलंगाला लागून भिंत, भिंतीपलीकडे मेज आणि मशीन. मंगळवारी थोरली उशीला टेकून पडली होती आणि तिच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत हे दुकान तिनं नुसत्या कानांनी कधी ऐकलंच नव्हतं. इस्त्रीचा फुस्स. दाराची घंटी. मशीनचा तो लांब धागा, मध्येच तुटणारा, पुन्हा जुळणारा. अंग असं दमलं होतं, जणू दाढ जबड्यातून काढली नव्हती, पायाच्या अंगठ्यापासून ओढून आणली होती. इतक्या दिवसांचं राहिलेलं सगळं दमणं एकदम आलं, वेळ न घेता, आधी न कळवता, सांधेसांधे धरून बसलं.

दुपारी मशीन थांबलं. बराच वेळ थांबलं.

धाकटी दारात आली. हातात दुधाचा पेला, गार. "गाल बघा, काय टम्म फुगलाय," ती म्हणाली. "हॉटेलवाल्यानं पाहिलं तर म्हणेल, बाईंनी आमचं कापड तोंडात लपवलंय."

थोरलीला हसू आलं आणि हसण्यानं कळ आली. तिनं हातानं खूण केली, हसवू नकोस.

धाकटीनं पेला तिच्या हातात दिला. मग पलंगाच्या कडेशी उभी राहून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, तिनं विचारलं, "ताई, माझ्याकडची शिलाई संपली. आता बेतलेलं काहीच नाही. उरलेली सोळा… मी बेतू?"

थोरलीनं दूध प्यायलं. सावकाश, पेल्याच्या कडेनं, डॉक्टरणीनं सांगितल्यासारखं. पेला रिकामा होईपर्यंत उत्तर टाळता येत होतं. "गुरुवारी," ती दातांच्या फटीतून म्हणाली. "मी करते."

"बरं," धाकटी म्हणाली. त्या बरंमध्ये काही नव्हतं, आणि म्हणूनच ते थोरलीला टोचलं.

"ती वीस दे इकडे. काजं करते, पडल्या पडल्या. हातांना काही झालेलं नाही."

धाकटीनं गठ्ठा आणून पलंगावर ठेवला. दोऱ्याचं रीळ, सुया, बोटात घालायचं अंगुस्तान. नवऱ्यानं उशीमागे दुसरी उशी लावली. त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही. वाकायचं नव्हतं, उठायचं नव्हतं, सुईचं वजन ते किती. मंगळवारची दुपार आणि बुधवारचा अख्खा दिवस थोरली काजं करत राहिली. हातभर दोरा तोडायचा, टोक ओठांत धरायचं, ओलं करून जरासं ओढून अणकुचीदार करायचं, ओवायचं, तेच टोक खाली ओढून त्याला गाठ मारायची, आणि काजाच्या कडेनं टाक्याला टाका लावत जायचं. एका काजाला एक दोरा. बाहेर मशीन थोडं चालायचं, पुन्हा गप्प व्हायचं. धाकटी कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत असावी, मग एक उशीचा अभ्रा, मग काहीच नाही. त्या शांततेत थोरलीची सुई चालत राहिली. ऐंशी काजं झाली. बुधवारी संध्याकाळी शेवटचं काज संपवून तिनं गठ्ठा पायाशी सरकवला, तेव्हा तिला वाटलं, चला, निम्मं घोडं गंगेत न्हालं. आणि गालातून कानापर्यंत एक बारीक तार ओढली गेली.

*

गुरुवारी पहाटे ती तार दोर झाली होती. कान, कानशील, हनुवटी, सगळं एका खुंटीला बांधल्यासारखं. दाढ होती तेव्हाही असं दुखलं नव्हतं. नवरा तिला घेऊन गेला.

डॉक्टरणीनं आत पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "गाठ निघून गेलीय. हाड उघडं पडलंय आत. नळीनं काही प्यायलात?"

थोरलीनं मान हलवली. नाही.

"थुंकलात? जोरानं चूळ?"

नाही.

"विडी-सिगारेट?"

"ती नाही, मी ओढतो," नवरा म्हणाला. "पण माझ्या ओढण्यानं हिची गाठ कशी निघेल?"

डॉक्टरणीनं जखम धुतली, औषधाची वात आत बसवली, लवंगेचा उग्र वास सगळ्या खोलीत भरला. "दर दोन दिवसांनी यायचं, औषध बदलायला. आठवडा तरी जाईल," ती म्हणाली, आणि दोघं निघताना तिनं थोरलीकडे असं पाहिलं, जसं थोरली स्वतः गिऱ्हाइकांकडे पाहायची, जी म्हणतात बाई मी काहीच जास्त खाल्लं नाही, कपडाच आटला.

रस्ताभर थोरली मनात तेच घोळवत होती. सहा महिने सोसलं, सांगितलं तसं वागले, आणि वर खोटी ठरले. एका दुकानाच्या काचेत तिनं स्वतःला पाहिलं. एक गाल भोपळा, एक गाल रिकामी पिशवी. आज गुरुवार होता.

घरी आल्यावर नवरा इस्त्रीला लागला, कारण त्याला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. तयार वीस जाकिटं त्यानं मेजावर घेतली. थोडा वेळ फुस्स, फुस्स, आणि मग त्याचा आवाज आला. "हे काय? इस्त्रीचा गंज लागला की काय?"

धाकटी उठून गेली. थोरली खोलीच्या दाराशी गालाला हात लावून उभी होती. नवऱ्यानं जाकीट उलटं केलं होतं. अस्तराच्या बाजूला, काजाच्या सुरुवातीला, जिथे दोऱ्याची गाठ बसते तिथे, तांबूस ठिपका होता. मोहरीएवढा. दुसऱ्या काजाला होता. तिसऱ्याला फिकट, चौथ्याला नव्हता.

"गंज नाही," धाकटी म्हणाली. "इस्त्री स्वच्छ आहे, दादा."

तिनं मेजावरची सुई उचलली, दोरा तोडला, ठिपक्याशी तो जुळवून पाहण्यासाठी ओवायला घेतला. टोक ओठांशी नेलं, ओठांत धरलं, आणि तशीच थांबली. दोरा ओठांत, डोळे थोरलीकडे.

थोरलीनं ते पाहिलं. तिचा हात गालावरून खाली आला.

"चोखायचं नाही म्हणाली ना ती," धाकटी दोरा काढून म्हणाली, अगदी हळू. "ऐंशी वेळा, ताई."

"त्याला कुणी चोखणं म्हणतं?" थोरली म्हणाली.

"डॉक्टरीण म्हणेल."

नवरा जाकीट हातात धरून दोघींकडे पाहत राहिला, आणि मग इस्त्री उभी करून हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. "अक्कल काढून आणली तीन तुकड्यांत," तो म्हणाला, "आणि परत आल्यावर तिची जागासुद्धा रिकामी करून घेतली. ओल्या फडक्यानं जातील हे ठिपके, काळजी करू नका." धाकटीनं तोंडावर पदर धरला. थोरलीला रागवायचं होतं, पण रागवायला जबडा लागतो.

*

ती मेजाशी आली. दुपारचे तीन वाजले होते. राखी कापडाची गुंडाळी उलगडली, हात फिरवला. हॉटेलनं निवडलेलं कापड लव असलेलं होतं, एका बाजूनं हात फिरवला तर मऊ, उलट्या बाजूनं खरखरीत. तिनं खिळ्यावरून कातर काढली.

"ताई, आज नको," धाकटी म्हणाली.

"आज नाही तर कधी? मंगळवार काय माझ्या दाढेसाठी थांबणार आहे?"

खाली वाकताच डोक्यात घण पडायला लागले. तरी तिनं पुठ्ठ्याचा नमुना ठेवला, खडूनं आखला. पुढचा भाग, डावा. नमुना उचलला, शेजारी ठेवला, पुन्हा आखला. खडूची रेघ दोनदा दिसत होती, तिनं डोळे चोळले. कातर उघडली, पातं कापडाच्या कडेला लावलं.

"ताई."

थोरली थांबली.

"हाही डावाच आहे."

धाकटीच्या आवाजात टोमणा नव्हता. थोरलीनं शोधला, पण नव्हता. तिनं खाली पाहिलं. दोन रेघा, शेजारी शेजारी, दोघींचं तोंड एकाच दिशेला. नमुना उलटवायचा राहून गेला होता. पातं अजून कापडात घुसलं नव्हतं. बोटभर घुसलं असतं, तर एक जाकीट गेलं होतं.

नऊ वर्षांपूर्वीच्या दोन डाव्या बाह्या तिला आठवल्या. तापट गिऱ्हाईक आठवलं, आपलं बोलणं आठवलं. आणि त्याच्या मागे दडून राहिलेलं एक काहीतरी आठवलं, जे इतक्या वर्षांत कधी वर आलंच नव्हतं. तेव्हा धाकटीचं बाळ दीड महिन्याचं होतं. त्याला पोटदुखी होती, ते सारखं रडायचं. नवरा गाडीवर. धाकटी या मेजाशी उभ्या उभ्या डुलकी घ्यायची, आणि थोरली म्हणाली होती, "झोप काय, सगळ्यांनाच लागते." असंच म्हणाली होती ती. हाच मेज, हीच जागा, आणि हेच डोळ्यांपुढे रेघांचं दुहेरी होणं असणार.

तिनं कातर मिटली. दुकानात कातर हातातून हातात द्यायची नाही, ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची, ही तिचीच शिस्त होती. तिनं ती मेजावर ठेवली आणि मुठीची बाजू धाकटीकडे फिरवली.

धाकटीनं कातरीकडे पाहिलं, उचलली नाही. "तुम्ही शेजारी बसा. मी विचारत जाईन."

"बसवत नाही," थोरली म्हणाली. "लव खालच्या दिशेनं. आणि मुंढ्याला घाई करायची नाही." मग दाराकडे वळत, "तुला माहीत आहे. पुसून टाक माझी ती रेघ."

ती खोलीत गेली आणि पाठ टेकली.

भिंतीपलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. खडू ठेवल्याचा टक. कापड झटकल्याचा वारा. मग कातरीचा पहिला घास, आखूड. थांबला. दुसरा, आखूड. थोरलीच्या बोटांनी चादर धरली. असं तुकड्या-तुकड्यांनी कापलंस तर कडेला दाते पडतात, बाई, तिला ओरडून सांगायचं होतं, पण ओरडायला तोंड नव्हतं आणि उठायला पाय नव्हते. मग लांब आवाज आला. सर्रर्र, मेजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, न थांबता. वळणाशी हळू झाला, मुंढ्याचं वळण, काखेची गोलाई, तिथे जाऊन श्वास घेतल्यासारखा थांबला, आणि पुन्हा निघाला. थोरलीनंही इकडे श्वास सोडला. एक झालं. धाकटी बेतता बेतता काहीतरी गुणगुणायला लागली, मशीनवर असताना गुणगुणायची तसंच, शब्द धड नसलेलं, कातरीच्या चालीवर पडणारं आणि उठणारं. दोन झाली. तीन. थोरली मोजत होती. वात तोंडात कडू लागत होती, ठणका कमी होऊन दूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीसारखा झाला होता. सहा. सात झाली, का सातवं अजून चालूच होतं, ते तिला नंतर सांगता आलं नसतं.

जाग आली तेव्हा खिडकीतला उजेड पिवळा झाला होता आणि मशीन चालू होतं. पलंगाशेजारच्या स्टुलावर जाकिटांचे पुढचे भाग होते, जोडीनं लावलेले, डावा उजव्याच्या तोंडाला तोंड देऊन, वर खडूचे आकडे. एक ते सोळा. त्यावर थोरलीची टाचण्यांची गादी ठेवली होती. गादीत बारा सुया खोचल्या होत्या. बाराही ओवलेल्या. हातहातभर दोरा, टोकाला गाठ, एकात एक न गुंतता बाजूला लोंबत असलेला. सुयांच्या मागे मेणाचा छोटा तुकडा होता, दोऱ्याचं टोक ओढून ताठ करायला. तो तुकडा खणात पडून होता, कैक वर्षं, कुणी वापरत नव्हतं. थुंकी हाताशी असताना मेण कोण शोधतं?

थोरलीनं गादी मांडीवर घेतली. मग पहिली जोडी उचलून एकावर एक ठेवली, कड कडेला लावली. मुंढ्याची वळणं जुळत होती. लव दोन्हीकडे खालीच. बोट फिरवलं तर कडेला एक दाता लागला, एकच, पहिल्या आखूड घासाचा. तो शिलाईत जाणार होता. तिनं दुसरी जोडी उचलली, हातात थोडी तोलली, आणि न उलगडता परत ठेवून दिली.

नवरा गार सूप घेऊन आला. चमचा होता, नळी नव्हती. नळी नाही हे त्यानं मुद्दाम बोटानं दाखवलं. "बघितलीस?" गठ्ठ्याकडे मान करून त्यानं विचारलं. "सगळी तपासलीस का?"

"दाढ दुखतेय माझी," थोरली म्हणाली, आणि उशीला टेकून तिनं तयार जाकिटांपैकी एक मागितलं. ठिपका काढल्यावर एक काज सैल झालं होतं, ते पुन्हा करायचं होतं. गादीतली पहिली सुई तिनं काढली.